घरचा कापूस

दवाखान्याच्या मोठ्या सिस्टरांनी आजींच्या माकडहाडावर बोट दाबलं, उचललं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय दिसतं?"

"लाल," मी म्हणाले.

"ते मलाही दिसतं. बोट उचलल्यावर काय दिसलं?"

"लालच."

"म्हणजे काय?"

मला माहीत होतं. दवाखान्यात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी लाल दिसली की बोटानं दाबायची. बोट उचलल्यावर ती जागा क्षणभर पांढरी पडली आणि मग पुन्हा लाल झाली, तर आत रक्त फिरतंय. लालची लालच राहिली, तर आतून बिघडायला लागलंय. पुढे ती जागा फुटते. त्याला बेडसोअर म्हणतात. म्हाताऱ्या माणसाचा बेडसोअर भरून येणं फार कठीण. माणूस मूळ दुखण्यातून वाचतो आणि या जखमेनं जातो.

हे सगळं मला म्हणता आलं असतं. पण आजी जाग्या होत्या, ऐकत होत्या. मी आजींचं पांघरूण नीट केलं.

"सोमवारी मी परत येईन," सिस्टर म्हणाल्या. "तोवर ही जागा सुधारली नाही, तर इथं दुसरी बाई पाठवावी लागेल."

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आजी तिकडूनच बोलल्या, "हिले काऊन रागावता, बाई? बूड माहं लाल झालं, हिचं नाही."

तो गुरुवार होता. माझ्याकडे चार दिवस होते.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. गाव कोकणात, देवगडच्या बाजूला. शाळा पाचवीत सुटली. माझे मामा खामगावच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून मला तिथं आयाची नोकरी मिळाली. आया म्हणजे नर्स नव्हे. नर्स इंजेक्शन देते, औषध देते. आया पेशंटला धुते-पुसते, कूस बदलते, भांडं देते, कपडे बदलते. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. दवाखान्याच्या कागदांवर 'मुंबई राज्य' छापलेलं असायचं आणि ते शाईनं खोडणं हेही आमच्याच कामात. मला तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं होतं. चहाची बशी फुटली तरी मला वाटायचं, आता परत पाठवणार. परत जाऊन घरी काय सांगायचं, ते मी मनात पाठ करून ठेवलं होतं.

आजी, म्हणजे भागीरथीबाई, नांदुऱ्याजवळच्या वडनेर भोलजी गावच्या. सत्तरीच्या पुढच्या. लकवा झाला, डावी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत होती. दवाखान्यातून त्यांना घरी सोडलं, तेव्हा त्यांचा मुलगा नारायणभाऊ म्हणाला, एक बाई सोबत द्या. डॉक्टरांनी मला दिलं. सिस्टर दर गुरुवारी एस.टी.नं येऊन बघून जायच्या.

आजींना लघवी आवरत नव्हती. कधी झाली तेही कळायचं नाही. आज यासाठी दुकानात डायपरची पाकिटं मिळतात. तेव्हा तसलं काही नव्हतं. गादी भिजू नये म्हणून तिच्यावर रबराची शीट. आम्ही तिला मॅकिन्टॉश म्हणायचो. तिच्यावर आडवी घडी घातलेली चादर, ती ड्रॉ-शीट. आणि पेशंटच्या खाली कापसाची छोटी गादी. जे काही ओलं होईल ते या छोट्या गादीनं प्यायचं. ती भिजली की काढायची, दुसरी ठेवायची. एवढी साधी व्यवस्था.

निघताना दवाखान्यानं कापसाचा एक मोठा रोल दिला होता, निळ्या कागदात गुंडाळलेला. पाच-सहा दिवसांत तो संपला. मी नारायणभाऊंना म्हणाले, "भाऊ, नांदुऱ्याहून कापूस आणायला हवा."

ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून थांबले.

"कापूस इकत आणू? मी? बाई, वडनेरात हे कोनाले समजलं तं लोकं मले रस्त्यानं चालू देणार नाहीत. या इकडे."

त्यांनी माजघरामागच्या खोलीचं दार उघडलं. आत खिडकीच्या वरपर्यंत कापूस होता. वेचणी चालू होती, रोज गाठोडी येत होती. मी कोकणातली. आमच्याकडे कापूस म्हणजे पुडीतल्या वाती. मी न राहवून कोपरापर्यंत हात आत घातला. आत ऊब होती. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"हा चालीन का तुमच्या दवाखान्याले?" भाऊंनी विचारलं.

मी म्हणाले, "चालेल. यापेक्षा चांगला कुठला?"

हे मीच म्हणाले. पुढं सांगायचं आहे म्हणून आत्ताच कबूल करते.

भाऊंची बायको, गंगावहिनी, कामाची मोठी चपळ. तिनं दोन दिवस बसून सरकी काढली, कापूस हातानं मोकळा केला, कोरं मांजरपाट आणलं आणि बारा छोट्या गाद्या शिवल्या. टाके असे सरळ, की दवाखान्यातल्या गाद्या त्यापुढे पोत्यासारख्या दिसाव्यात. शेजारच्या बायका आजींना बघायला आल्या की गाद्यांनाही हात लावून बघायच्या. "सून असावी तं अशी," म्हणायच्या. वहिनी खाली बघून हसायची.

या गाद्या सुरू झाल्या आणि आठवड्यात ती लाली आली.

सिस्टर गेल्यावर मी बसून विचार केला. कूस दर दोन तासांनी बदलत होते. त्यात चूक नव्हती. गादी मी हातानं दाबून बघायचे आणि ओली लागली की बदलायचे. पण अलीकडे ती ओली लागतच नव्हती. दाबली तर हलकी, फुललेली. मला वाटलं, आजी पाणीच कमी पितात. पाणी कमी प्यायलं की लघवी थोडी होते, पण कडक होते आणि कातडीला जाळते.

"आजी, आज किती पाणी प्यालात?"

"दोन तांबे. काऊन?"

"मग ते जातं कुठं?"

"मले इचारतं? मी काय उंट हाओ का, साठवून ठेवाले?"

शुक्रवारी मी गादीला हात न लावता आजींच्या खाली हात घातला. तळवा नाही, हाताची मागची बाजू. तळवा कामानं निबर झालेला असतो, त्याला ओल कळत नाही. हात ओला झाला. गादी वरून कोरडी, तिच्याखालची ड्रॉ-शीट चिंब आणि रबरावर तळं साचलेलं. ते पाणी आजींच्या कातडीला लागून होतं. किती वेळ होतं, देव जाणे.

मी अंदाज केला, कापूस कमी पडतोय, पाणी आरपार जातंय. वहिनीला सांगितलं, "गादीत अजून कापूस घाला." तिनं दुप्पट घातला. संध्याकाळी बघितलं, तर लाली दोन बोटं पुढं सरकलेली.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आजींनी ताट परत जाताना पाहिलं.

"जेवली काऊन नाही?"

"भूक नाही, आजी."

"माहं बूड लाल झालं म्हून तू उपास धरशीन, तं थे पांढरं होणार हाय का?"

शनिवारी सकाळी मी वापरलेली एक गादी घेऊन अंगणात गेले आणि टाके उसवले. आतला कापूस शिवताना घातला तसाच होता. पांढरा, फुललेला. वास बाहेरच्या कापडाला होता, आतल्या कापसाला नाही. मला काही कळेना. बोटांना चिकटलेला पुंजका तसाच घेऊन मी हात धुवायला घंगाळात घातला. पुंजका सुटला आणि पाण्यावर तरंगू लागला.

मी त्याला बोटानं खाली दाबलं. तो वर आला. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, सोडलं. पुन्हा वर. बाहेर काढून पिंजून बघितला तर आत कोरडा.

दवाखान्यात रोज सकाळी मी कापसाचे बोळे स्पिरिटच्या वाटीत टाकायचे. ते टाकता क्षणी बसायचे. पाण्यातही तसंच. आणि हा बुडायलाच तयार नव्हता. भीती होतीच, पण खरं सांगते, त्या क्षणी भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. मी स्वयंपाकघरातून चार वाट्या मागून आणल्या.

"काय करून राह्यली वं?" आजींनी आतून आवाज दिला.

"काही नाही आजी. कापूस बुडतो का बघतेय."

"मंग आण इकडे. मले बी पाहू दे. दिवसभर हे आढं पाहू पाहू कंटाया आला."

मी त्यांना उजव्या कुशीवर केलं आणि वाट्या पलंगाजवळच्या स्टुलावर मांडल्या. चारींत पाणी. पहिलीत घरचा कापूस. दुसरीत दवाखान्याचा, थर्मामीटर पुसायला डबीत जपून ठेवलेला शेवटचा तुकडा. तिसरीत वहिनीच्या कोऱ्या मांजरपाटाची चिंधी. चौथीत काय टाकावं? पाण्याच्या माठापाशी हात पुसायला जुन्या लुगड्याचा तुकडा टांगलेला होता. त्याचा कोपरा फाडून घेतला.

चौथी चिंधी टाकल्या टाकल्या पाणी पिऊन बसली. दवाखान्याचा कापूस मी दहा मोजेपर्यंत तळाला गेला. कोरं मांजरपाट होडीसारखं वर राहिलं. त्याला खळ होती, खळीवरून पाणी घरंगळत होतं. आणि घरचा कापूस तसाच तरंगत होता.

"माह्या वावरातला हाय थो," आजी म्हणाल्या. "असा तसा बुडणार नाही."

त्यांच्या आवाजात कौतुक होतं. त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे आठ दिवस मी मुतावर तरंगून राह्यली?"

मला हसू आवरेना. आजीही हसल्या. हसताना त्यांचं अर्धंच तोंड हलायचं.

"पण मले एक सांग," त्या म्हणाल्या. "हाच कापूस वातीले घेतो. दिव्यात घटाघटा तेल पेते. मंग पाण्यानं काय घोडं मारलं त्याचं?"

उत्तर त्यांनाच सुचलं. "वेचणीच्या टायमाले भुरभुर पाणी आलं, तं बोंडावरून थेंब घसरून जाते. झटकला का कापूस कोरडा. त्याच्या अंगालेच काही तरी तेलकट असन. म्हून तेलाशी त्याचं जमते, पाण्याशी नाही."

साठ वर्षं कापसात काढलेली बाई होती ती. मी फक्त वाट्या मांडल्या.

आता पुढचा प्रश्न. खाली ठेवायचं काय? दवाखान्याचा रोल सोमवारशिवाय मिळणार नव्हता आणि नांदुऱ्याहून आणायचा तर आजचा दिवस तसाच गेला असता. चौथी वाटी समोर होतीच. पण नारायणभाऊ आणि वहिनी आत आले आणि मी 'जुनेरं' हा शब्द काढला, तसा दोघांचा चेहरा पडला. वापरून वापरून विरलेल्या लुगड्याला जुनेर म्हणतात.

"मायले जुनेरावर निजवू?" भाऊ म्हणाले. "बाई, लोकं काय म्हनतीन?"

"रोज धा बाया आत्याबाईले पाहाले येतात," वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी एवढ्या गाद्या शिवल्या. कोरं कापड घेतलं. माह्या हातून कमी पडू नये म्हून."

तिचं खरं होतं. तिनं घरातलं सगळ्यांत चांगलं दिलं होतं. ते चांगलं या कामाचं नव्हतं, एवढंच. पण हे परक्या मुलीनं, त्यातही पाचवीत शाळा सोडलेल्या आयानं, कसं सांगायचं? मी वाट्यांकडे बोट दाखवलं. भाऊ वाकून बघत राहिले. त्यांनी स्वतः बोटानं कापूस दाबून बघितला. तो वर आला. पुन्हा दाबला.

"हाच कापूस जिनिंगमधी पाहून व्यापारी खूश होते," ते हळूच म्हणाले.

"व्यापारी त्यावर मुतते का?" आजी म्हणाल्या. "नारायणा, माह्या बुडाखाली काय हाय, थे पाहाले गाव येते का? गंगे, माही पेटी उघड. खालच्या अंगाले वेचणीचे लुगडे हायेत. सारे काढ."

पेटीतून पाच जुनेरं निघाली. वर्षानुवर्षं शेतात नेसलेली, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली. वहिनीनं पहिलं फाडायला घेतलं आणि थांबली.

"फाड," आजी म्हणाल्या. "मी आता वेचाले जाणार नाही."

तेवढं एक वाक्य त्या हसल्याशिवाय बोलल्या.

आम्ही दोघींनी लुगडी फाडली, धुण्याचा सोडा टाकून उकळत्या पाण्यात घातली, तीनदा स्वच्छ पाण्यातून काढली. सोड्याचा अंश कापडात राहिला तर तोही कातडीला लागतो. उन्हात वाळवली. आठ पदरी घड्या केल्या. रबराची शीट गादीवर घट्ट खोचली आणि तिच्यावर सगळीकडून कापड येईल असं बघितलं. रबर गादीसाठी असतं, माणसासाठी नव्हे. ते अंगाला लागलं तर घाम आणि ओल दोन्ही कोंडतं. मी ठरवलं, आता गादी सांगेल तेव्हा नाही, तर दर दोन तासांनी हाताची मागची बाजू घालून बघायचं. ओलं असलं की साध्या कोमट पाण्यानं धुवायचं, मऊ कापड टेकवून टिपायचं, घासायचं नाही. वर दवाखान्याच्या झिंकच्या मलमाचा पातळ थर. आणि आजींना पाठीवर अजिबात ठेवायचं नाही. फक्त कुशीवर. या, नाहीतर त्या.

त्या काळी पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची पद्धत होती. मला तसंच शिकवलं होतं. पण लाल जागेला स्पिरिट लावलं की आजी दात आवळायच्या, म्हणून मी तिथं ते लावणं बंद केलं. कुणाला विचारलं नाही. आज तर ते कुणीच करत नाही आणि करूही नये.

पहिल्याच दिवशी घड्या जड होऊ लागल्या. मी त्या हातात घेऊन वजन बघायचे आणि मला बरं वाटायचं. भिजलेल्या कापडानं इतका आनंद मला त्याआधी झाला नव्हता.

सोमवारी सिस्टर आल्या. त्यांनी पेशंटकडे जायच्या आधीच मी बोलून टाकलं.

"सिस्टर, घरचा कापूस चालेल असं मीच सांगितलं होतं. तो पाणी पीत नाही. मला माहीत नव्हतं."

"काय पीत नाही?"

मी वाट्या दाखवल्या. त्या जागच्या हलवल्या नव्हत्या. शनिवारचा पुंजका अजून तरंगत होता. सिस्टर उभ्या उभ्या बघत राहिल्या. मग स्टूल ओढून बसल्या. त्यांनीही दाबून बघितला. त्या कापसाला प्रत्येकानं एकदा दाबून बघितलंच.

"कच्च्या कापसावर मेणासारखा पातळ थर असतो," त्या म्हणाल्या. "कारखान्यात सोड्यात उकळून तो काढतात. मगच तो दवाखान्याचा कापूस होतो. हे मला माहीत होतं. रोलऐवजी कुणी घरचा कापूस घालेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुला सांगायला हवं होतं."

मोठी माणसं असं बोलतात, याची मला सवय नव्हती.

मग त्यांनी आजींना कुशीवर केलं आणि बोट दाबलं. उचललं.

"काय दिसतं?"

बोटाएवढा पांढरा ठसा उमटला होता. आम्ही बघत असताना तो हळूहळू पुन्हा गुलाबी झाला.

"पांढरं," मी म्हणाले.

"मले बी सांगा कोणी," आजी भिंतीला म्हणाल्या. "बूड माहं हाय."

माझ्या जागी दुसरी बाई आली नाही. ट्रायल संपल्यावर दवाखान्यानं मला कायम केलं आणि तिथंच मी म्हातारी झाले. भागीरथीबाई आणखी दीड वर्ष जगल्या. गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. त्यांना शेवटची आंघोळ घालायला वहिनीनं मला खामगावहून बोलावून घेतलं. मी बघितलं, म्हणून सांगते.

आजही आळीतले लोक विचारतात, मावशी, आईसाठी कुठला डायपर घेऊ? ते मला पाकिटावरचं चित्र दाखवतात, किंमत दाखवतात. मी म्हणते, एक सुटा आणा, त्यात पेलाभर पाणी ओता, जरा थांबा आणि हाताची मागची बाजू टेकवा. हात ओला झाला तर ते पाकीट घेऊ नका. मांडीपाशी फट राहते का ते बघा. आणि कितीही महाग घेतला तरी वेळेवर बदला, तो स्वतःहून सांगायला येणार नाही. बहुतेकांना हे उत्तर फार साधं वाटतं. ते हो म्हणतात आणि चित्र बघूनच घेतात.

वडनेरच्या त्या घरातून मात्र पुढं बरीच वर्षं दवाखान्यात एक गाठोडं यायचं. वेचणी संपली की नारायणभाऊ स्वतः आणून द्यायचे. घरोघर फिरून गोळा केलेली, धुऊन वाळवलेली जुनेरं. कापूस त्यांनी एकदाही आणला नाही.